बर्फबाईंनी निवडलेली जोडी

आमच्या खेळाच्या बाई खांद्यावर दोन लांब फळ्या टाकून भर उन्हात गोव्यातल्या साखळी गावाच्या बाजारातून जात, तेव्हा पाववाल्यापासून खाणीच्या ट्रकवाल्यांपर्यंत सगळे हसत. आमच्याकडे बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीतला. बाईंना मात्र आम्हा मुलींना हिमालयातल्या बर्फावर उतरवायचं होतं. गावानं त्यांना ‘बर्फबाई’ नाव ठेवलं. ते त्यांच्या कानावर होतं, आणि बहुधा आवडतही होतं.

बाई मूळच्या पेडण्याकडच्या चोपडे गावच्या. तरुणपणी त्या मनालीकडे स्कीचं शिक्षण घ्यायला गेल्या होत्या. तिथे बायकांच्या मापाची स्कीच नव्हती. सोबतची एक मुलगी पुरुषाची जोडी बांधून ताज्या बर्फात उतरली, टोकं रुतली आणि गुडघा फिरला. ती पुन्हा धड चालली नाही. बाईंनी हे आम्हाला एकदाच सांगितलं.

खाणीच्या टाकाऊ मातीच्या डंपावर त्या आम्हाला फळ्या बांधून उभ्या करत. तोल सांभाळताना आम्ही खाणीच्या धुळीनं लालेलाल होत असू. जोडी कशी निवडायची, हे तर त्यांनी घोटूनच घेतलं. टोक रुंद आणि वर वळलेलं हवं, म्हणजे भुसभुशीत बर्फात बुडत नाही. पण पायाखाली फार रुंद नको. कडक उतारावर मग फळीची कड धरत नाही. पुढून नरम, मधे घट्ट, आणि डोक्याच्या वर जाणारी तर नकोच. “डोंगर एकच, पण सकाळी कडक नि दुपारी मऊ,” त्या म्हणत. “आधी आपलं वजन सांग गो, मागीर डोंगराचं नाव.”

गोवा राज्य झालं. नव्या राज्याच्या मुली बर्फावर जाव्यात, असं पणजीतल्या एका समितीच्या मनात आलं. निवड झालेल्या चौघींत मी होते. बाईंनी प्रत्येकीचं माप घेऊन यादी पाठवली. आलेल्या जोड्या मात्र सगळ्या एकाच मापाच्या, पुरुषांच्या, माझ्याहून वीतभर उंच. पुढे मुलग्यांनाही चालतील, असा समितीचा विचार होता.

बाईंनी आमच्या जाण्याच्या कागदांवर सही करायला नकार दिला.

“यावर तुला सोडू? ताजा बर्फ पडला तर?”

“तुम्हाला जमलं नाही, म्हणून आम्हीही जायचं नाही?” मी सगळ्यांसमोर म्हटलं.

मी त्याच दिवशी मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं: बाई स्वतःच्या हट्टापायी मुलींची संधी घालवत आहेत. आठवड्याभरात आमच्याबरोबर जायला बाईंच्या जागी दुसरे सर नेमले गेले; त्यांनी सही केली. पुढच्या जूनमध्ये बाईंची बदली पेडण्यात झाली.

आम्ही हिमालयात गेलो. दहा दिवस उतार दाबून कडक केलेला होता. त्यावर त्या लांब जोड्या सरळ धावल्या. शेवटच्या सकाळी मात्र ताजा बर्फ पडला होता. मी हौसेनं चार पावलं बाजूला उतरले. टोकं खाली गेली ती वर येईनात. मी वळू शकले नाही, कमरेपर्यंत रुतून पडले. तिथल्या शिक्षकांनी पट्टे सोडून मला ओढून काढलं. खरचटलंसुद्धा नाही. पण पडल्या जागी मला सगळं कळलं होतं.

साखळीत आमचे सत्कार झाले. बाईंनी उगाच घाबरवलं, असं लोक म्हणाले. मीही हसले.

दोनेक वर्षांनी म्हापशाच्या स्टँडवर बाई भेटल्या. केस बरेच पिकले होते. घरचं विचारून झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, “ताजो बर्फ मेळलो काय गो? त्या जोड्या कशा चालल्या?”

खरं सांगितलं असतं तर पत्राचंही बोलावं लागलं असतं.

“बऱ्या चालल्या, बाई.”

त्या म्हणाल्या, “म्हणजे माझीच चूक. उगाच तुझी वाट अडवली. राग धरू नको हां.”

“नाही बाई,” मी म्हटलं.

त्यांची बस आली. त्यानंतर मला त्या दिसल्या नाहीत. त्या गेल्याचं कळलं, तेव्हा मी चोपड्याला गेले नाही. त्यांच्या माणसांना काय सांगायचं, ते सुचलं नाही.