मुरारीचा आवाज आणि वीस घरं

महाडच्या बाजारात मुरारीला चेहऱ्यानं ओळखणारी फार तर पन्नास माणसं असतील. आवाजानं मात्र त्याला सगळा तालुका ओळखतो. तीनचाकी रिक्षा, टपावर दोन भोंगे, एकाचं तोंड पुढं नि एकाचं मागं. माईक काचेजवळ तोंडाच्या उंचीवर बांधलेला, म्हणजे दोन्ही हात रिक्षा हाकायला मोकळे. चादरींचा सेल, डोळ्यांचं शिबिर, उद्या नळाला पाणी नाही, कुणाचं बोकड चुकलंय, कुठल्या दुकानाचं उद्घाटन आहे, महाड-पोलादपुरात जे काही लोकांच्या कानावर घालायचं असेल ते मुरारीच्या तोंडून जातं. बाकीचे भोंगेवाले हल्ली आवाज भरून ठेवतात आणि बटण दाबून स्वतः शेंगा खात बसतात. मुरारीला ते पटत नाही. "शिळ्या आवाजाला कोन कान देतो?" असं त्याचं म्हणणं.

त्याचं मूळ गाव कापडे. घरी भातशेती, ती भावाकडे. मुरारी तरुणपणी बिरवाडीला खोली घेऊन एका कारखान्यात पोती उचलायला लागला. पण रविवार आला की गावोगावच्या क्रिकेट सामन्यांत माईक धरायचा. एकदा वरंधच्या मैदानात षटकार मारणाऱ्याला सोडून लोकांनी समालोचकाला टाळ्या दिल्या, आणि सोमवारी मुरारी कारखान्यात गेलाच नाही. त्याला आता बावीस वर्षं झाली. बोलण्याची चाल तीच राहिली: सुरुवातीला खर्जात "माझ्या मायबाप बंधू-भगिनींनो", मध्ये एक चढण, शेवटी एक लांब हेल, रिक्षा वळणावर गेली तरी मागं रेंगाळणारा.

गेल्या एप्रिलमध्ये एसटी स्टँडसमोर एका मुलीनं त्याची रिक्षा हात करून थांबवली. टेम्पोवाल्या हारूनभाईंची लेक सुम्बुल. इंजिनियर झालेली, आणि आता पुण्यात आणखी काहीतरी शिकत होती.

"मुरारीकाका, मला तुमच्या आवाजावर प्रबंध लिहायचाय."

मुरारीनं रिक्षा बंद केली. असं वाक्य माणसाच्या आयुष्यात रोज येत नाही.

"काय शिकतेस गो तू?"

"ह्युमन फॅक्टर्स."

"मराठीत सांग."

सुम्बुलनं क्षणभर विचार केला. "तुमच्या घरी बटणांचा बोर्ड आहे ना? पंखा लावायला जाता आणि दिवा बंद होतो. असं होतं की नाही?"

"रोज होतं."

"मग चूक कुणाची?"

"माजी. बायको तसंच सांगते."

"नाही, बोर्डाची. माणसाला कळेल अशी बटणं त्यानं लावली नाहीत. आम्ही हेच शिकतो. माणूस चुकला, तर आधी वस्तू तपासायची."

मुरारीला हे शिक्षण फारच आवडलं. त्याच संध्याकाळी त्याच्या देखरेखीखाली दूध उतू गेलं, तेव्हा त्यानं बायकोला, आवडीला, शांतपणे सांगितलं, "दोष माजा नाय. पातेल्याची ठेवण चुकलीया."

"बरं," आवडी म्हणाली. "मग रातचं जेवान पन पातेल्याकडंच मागा."

सुम्बुलचं काम असं होतं. पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी चढलं की खालच्या आळीला सगळ्यात आधी हलावं लागतं. सूचना जाते, भोंगा वाजतो, मोबाइलवर निरोप येतात, तरी माणसं दारात उभी राहून पाण्याकडे बघत बसतात. का बसतात, आणि कसं सांगितलं तर उठतील, हे तिला शोधायचं होतं. आळीतल्या वीस घरांना तिनं आधीच सांगून ठेवलं: या आठवड्यात कधीतरी सरावाची सूचना येईल, घाबरू नका, फक्त ऐका. कधी ते मात्र सांगितलं नाही.

सूचना मुरारीनं स्वतः लिहिली. दोन रात्री खपून लिहिली. तीत मायबाप होते, सावित्रीमाय होती, निसर्गाचा कोप होता, "सतर्कता हेच संरक्षण" होतं, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत वरच्या शाळेत जायला सांगितलं होतं. वाचायला दोन मिनिटं चाळीस सेकंद लागत. "आहे तशीच द्या," एवढंच सुम्बुल म्हणाली.

बुधवारी सकाळी अकरा वाजता मुरारीनं खालच्या आळीत जीव ओतून सूचना दिली. शेवटचा हेल तर असा लागला की त्याच्या स्वतःच्या अंगावर काटा आला. मग रिक्षा पिंपळाखाली लावून तो सुम्बुलबरोबर घरोघर निघाला.

पहिलं घर झुबेदाखालांचं, आळीत सगळ्यांच्या मावशीचं. वय सत्तरीच्या पुढं, मुलगा कुवेतला, घरात त्या आणि चार कोंबड्या. त्या पिशवी घेऊन पायरीवर उभ्याच होत्या.

"खाला, आत्ता काकांनी काय सांगितलं?" सुम्बुलनं विचारलं.

"आंबे आलेत ना? कुठं लावलीय गाडी?"

दुसऱ्या घरात डोळ्यांचं शिबिर ऐकू आलं होतं. तिसऱ्या घरात चादरी. चौथ्या घरातल्या बाई म्हणाल्या, "कुणीतरी वारलं वाटतं, फार छान बोलला." पाचव्या घरातला माणूस मुरारीकडे बघून हसला आणि म्हणाला, "ऐकलं ना! तुमचाच आवाज होता." काय ऐकलं ते त्याला सांगता येईना. वीस घरं फिरून झाली तेव्हा शाळेत जायचंय हे सांगणारी तीन निघाली, आणि त्यातल्या एकाला ते शेजाऱ्यानं सांगितलं होतं.

मुरारी रिक्षाच्या पायरीवर बसला. सुम्बुल वहीत आकडे मांडत होती.

"पोरी," तो शेवटी म्हणाला, "तुज्या शिक्षनात मानूस चुकत नाय, वस्तू चुकते ना?"

"हो काका."

"मग हितं वस्तू कोन?"

सुम्बुलनं पेन थांबवलं. तिला पुण्यात कुणी हे विचारलं नव्हतं.

"म्हंजे मीच की," मुरारी म्हणाला आणि रिक्षा सुरू करून निघून गेला.

दोन दिवस त्यानं भोंगे फडक्यानं झाकून ठेवले. कुणी विचारलं तर घसा बसलाय म्हणायचा, आणि ते खणखणीत आवाजात म्हणायचा. घरात येरझाऱ्या घालता घालता त्यानं आवडीला विचारलं, "सोमवारी मी आपल्या गल्लीतनं काय बोलत गेलो गं?"

"मला काय ठावं? तुमचा आवाज आला की मी भात खाली उतरवते. तुमी घरी आलात असं समजायचं."

"पन शब्द?"

"शब्द कुठं ऐकायचे असतात? चाल कळते."

मुरारीनं डोक्याला हात लावला. बावीस वर्षं त्यानं चादरी, मयत आणि बोकड एकाच चालीत बांधले होते, आणि लोक चाल ओळखून आपापल्या कामाला लागत होते.

शनिवारी सुम्बुल घरी आली. आवडीनं दिलेला चहा पिऊन म्हणाली, "काका, मला मागं बसून नुसतं बघायचंय. तुम्ही रोजचं काम करा." मुरारी नको नको म्हणत निघाला. मासळीबाजाराच्या वळणाला त्यानं चादरींची सूचना संपवली आणि माईक बंद केला. म्हणजे त्याला वाटलं केला. बटण अर्ध्यातच अडकलं होतं.

पुढं ठकूबाईची सुकटीची पाटी रस्त्यात आली होती. ठकूबाई पाठमोरी बसून कुणाशी तरी बोलत होती. मुरारीनं ब्रेक दाबला आणि ओरडला:

"ठकूबाय, पाटी उचल, चाक चढंल!"

दोन्ही भोंग्यांतून ते बाजारभर गेलं. ठकूबाईनं पाटी उचलली. पलीकडच्या भाजीवालीनंही उचलली. फळवाल्यानं गाडी मागं ओढली, एकानं मोटारसायकल उभ्या उभ्या बाजूला घेतली, आणि पार टोकाला, जिथून रिक्षा दिसतसुद्धा नव्हती, तिथल्या बांगडीवाल्यानं पेटी पोटाशी धरली. अख्खा रस्ता मोकळा झाला.

"मेल्या, माजं नाव काय भोंग्यावर घेतोस?" ठकूबाई ओरडली. तेही बाजारभर गेलं.

मागं सुम्बुल भराभर मोजत होती. "अकरा जण हलले काका! वाक्य चार सेकंदांचं."

"ती काय सूचना होती? ती बोंब होती."

"तीच पाहिजे."

मग दोघांचं आठवडाभर भांडण चाललं. सुम्बुलचं म्हणणं: कुणी, काय करायचं, कुठं जायचं, एवढंच बोला, हेल नको, घरात बोलता तसं बोला. मुरारीचं म्हणणं: चार माणसांशी बोलायचं आणि आधी रामराम नाही, सलाम नाही, हे जनावराला हाकल्यासारखं झालं. तो मायबाप सोडायला तयार होता पण बंधू-भगिनी सोडवत नव्हते. अखेर आवडीनं निकाल दिला. "घराला आग लागली तर मला काय म्हनाल? प्रिय आवडी?" मुरारीनं कागदावरचे बंधू-भगिनी खोडले.

दुसऱ्या सरावाची सूचना अशी होती: "खालची आळी! पानी पुलाला लागलंय. गॅस बंद करा, औषधं घ्या, वरच्या शाळेत चला. आत्ता." हे तीनदा म्हणायचं, आणि मध्ये भोंगा गप्प ठेवायचा. गप्प राहणं मुरारीला सगळ्यात अवघड गेलं. पहिल्या वेळी त्या मोकळ्या जागेत त्यानं घसा खाकरला, आणि एका घरानं तेही सूचनेत धरलं.

या वेळी वीसपैकी सतरा घरांनी बरोबर सांगितलं आणि शाळेत जाऊ असंही म्हटलं. दोन घरं बंद होती. उरलं एक घर झुबेदाखालांचं. त्यांना शब्दन् शब्द पाठ झाला होता.

"कळलं ना खाला? मग याल ना शाळेत?"

"कळलं. येणार नाही."

"का?"

"मागच्या वेळी पाणी माझ्या दुसऱ्या पायरीवरून परत गेलं. आणि कोंबड्या कोण बघणार?"

सुम्बुलचा चेहरा उतरला. तिच्या वहीत "कळलं" असा एक रकाना होता आणि "जाईन" असा दुसरा. दोन्हींत फरक पडेल असं तिला वाटलं नव्हतं. मुरारी मात्र पायरीवर टेकला आणि अर्धा तास कोंबड्यांविषयी बोलत बसला. निघताना खाला म्हणाल्या, "तू दारात येऊन हाक मारलीस तर बघू. भोंग्यावर सगळ्यांना बोलावतात. मला कोण बोलावतं?"

जुलैत तीन दिवस पाऊस थांबला नाही. चौथ्या दिवशी दुपारी पालिकेतून मुरारीला फोन आला. त्यानं रिक्षा काढली, आळीच्या तोंडाशी उभी केली आणि तेच चार तुकडे तीनदा म्हटले. मध्ये गप्प राहिला. दारं उघडली, माणसं पिशव्या घेऊन बाहेर पडली. मग तो उतरला, छत्री विसरून झुबेदाखालांच्या दारात गेला आणि नुसत्या तोंडानं हाक मारली. खाला आधीच तयार होत्या. कोंबड्यांचं खुराडं मुरारीच्या डोक्यावर चढलं.

पाणी खालांच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आलं आणि संध्याकाळी उतरलं.

शाळेत ऐंशी माणसं बसून राहिली. पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी कुणी हलेना. मुरारी वऱ्हांड्यात खुराड्याशेजारी बसला होता. थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं की सगळे त्याच्याकडेच बघताहेत.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"तू सांगशील तेव्हा जायचं ना?" झुबेदाखाला म्हणाल्या. "वर चला म्हणालास. खाली चला कुठं म्हणालास?"

हे कुणी लिहिलंच नव्हतं. मुरारीनं पुण्याला फोन लावला. सुम्बुलनं उलट विचारलं, "काका, काय म्हणाल तुम्ही?" पालिकेत विचारून खात्री करून मुरारी शाळेच्या दारात आणून लावलेल्या रिक्षातल्या माईकजवळ गेला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच आधी कागदावर, मनात किंवा चालीत काही तयार नव्हतं.

"पानी उतरलं," तो म्हणाला. "सांभाळून घरी जा. पायऱ्या निसरड्या हायत." मग आठवून म्हणाला, "आनि गॅस लावायच्या आधी वास घ्या."

हे शेवटचं वाक्य सुम्बुलनं प्रबंधात जसंच्या तसं घेतलं. परतीच्या सूचनेवर तिला एक नवं प्रकरण लिहावं लागलं आणि प्रबंध तीन आठवडे लांबला. झुबेदाखाला आठवडाभर सगळ्यांना सांगत होत्या की मुरारीनं उगाच चालायला लावलं. सुम्बुलनं तेही लिहून घेतलं, आणि पुढच्या वेळी त्या येतील की नाही, हा प्रश्न तिच्या मार्गदर्शक बाईंनी तोंडी परीक्षेत विचारलाच. तिनं खरं उत्तर दिलं: माहीत नाही.

ती पास झाली. दिवाळीत प्रबंधाची जाडजूड प्रत घेऊन ती मुरारीच्या घरी आली. मुरारीनं हात धुऊन, पुसून प्रत उघडली आणि आवडीला शेजारी बसवून आपलं नाव शोधायला लागला. शंभर पानं झाली तरी सापडेना.

"नावं लिहायची नसतात काका," सुम्बुल चाचरत म्हणाली. "नियम आहे. हे बघा, इथं तुम्ही आहात. 'उद्घोषक क्रमांक एक.'"

मुरारीनं ती ओळ दोनदा वाचली. कपाळाला आठी पडली.

"क्रमांक एक. मग दोन कोन?"

"दोन कुणीच नाही."

मुरारीनं आवडीकडे बघितलं. आवडीनं पदर तोंडाला लावला होता.

"मग ठीक हाय," तो म्हणाला, आणि त्या पानात खूण म्हणून चादरींच्या सेलचा कागद घालून ठेवला.