दादाचे डोळे आधी कुठे जातात

तुमच्या दादाची निवड झाली तेव्हा तुम्ही दोघं सोफ्यावर उड्या मारत होतात. आमच्या फोनवर दादाचा चेहरा आणि त्याच्यामागे तुमचे फक्त पाय दिसत होते. इकडे कुवेतला, रुमैथियात, तुमच्या आत्याने शेजारच्या तिन्ही घरांत बकलावा पाठवला. आजोबांनी तोंडात घातला नाही. का, असं तुम्ही नंतर विचारलंत आणि मी साखरेचं कारण सांगितलं. खरं कारण वेगळं आहे. धाकट्यालाही आता शाळेच्या फुटबॉल संघात क्वार्टरबॅक व्हायचंय, म्हणून ते लिहिते.

जानेवारीत दादा थोडे दिवस आमच्याकडे आला होता. तिकडे अमेरिकेत त्याचा कॉलेजच्या फुटबॉलचा शेवटचा मोसम संपला होता. एप्रिलमध्ये व्यावसायिक संघ पाळीपाळीने कॉलेजची मुलं निवडणार होते, आणि त्याआधी सगळ्यांची पारख व्हायची होती. उंची, वजन, हाताचा पंजा मोजणार, पळायला लावणार, मुलाखत घेणार, डॉक्टर तपासणार.

"म्हणजे मुलगी बघायचा कार्यक्रमच की रे," आजोबा म्हणाले. "चालून दाखव, वाचून दाखव."

"पोहे पण करायला लागतील, आजोबा?"

"तुझ्या हातचे पोहे खाल्ले तर कोणी घ्यायचं नाही तुला."

दुपारी जेवणं झाली की दादा टीव्हीवर आपल्या सामन्यांच्या चित्रफिती लावायचा. आजोबांना एका डोळ्याने काहीच दिसत नाही, दुसऱ्याने खिडकीचा उजेड तेवढा कळतो, म्हणून पडद्यावर काय चाललंय ते मी त्यांना सांगत असे. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. दादाने शिकवलं. क्वार्टरबॅकने चेंडू घ्यायचा आणि समोरून धिप्पाड माणसं अंगावर येत असताना, दोन-तीन श्वासांत, तो कोणाकडे फेकायचा ते ठरवायचं.

"आजी, तू बॉल बघतेस," तो म्हणाला. "पारखणारे लोक बॉल नाही बघत. माझे पाय बघतात. आणि डोळे आधी कुठे जातात ते."

मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, वह्या तपासल्या. एकदा काय बघायचं ते कळलं की मला ते दिसायला लागतं. पहिल्या सामन्यांत त्याची मान वळायच्या आत पाय वळलेले असायचे. मोसमाच्या शेवटी तसं होत नव्हतं. तो आधी शेजारच्या खेळाडूकडे बघायचा, मग समोर.

"इथे तू उशिरा बघतोस," मी म्हटलं.

"ते पण तेच म्हणतात," तो हसला. "आजी, तुला नोकरी देतील ते."

एका सामन्यात दोघांनी त्याला उचलून आपटलं. तो उठला, आणि त्याने चित्रफीत पुढे पळवली.

"मागे घे," मी म्हटलं.

"काही नाही तिथे, आजी."

"काही नाही तर पळवलीस कशाला?" आजोबा म्हणाले. "मला दिसत नाही, पण रिमोट ऐकू येतो."

त्याने मागे घेतली. उठल्यावर तो चालत दुसऱ्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला होता. त्याच्या एका सोबत्याने दंडाला धरून त्याला परत आणलं.

"त्यानंतरचं मला आठवत नाही," दादा म्हणाला. "आम्ही जिंकलो ते मला बसमध्ये कळलं."

डोक्याला असा मार त्याला त्या मोसमात तीनदा लागला होता. मग डॉक्टरांनी खेळू कसं दिलं, मी विचारलं. तेव्हा त्याने जे सांगितलं ते आनंदाने सांगितलं, हे मला विसरता येत नाही. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक खेळाडूची संगणकावर परीक्षा होते. शब्द लक्षात ठेवायचे, आकार ओळखायचे, झटपट बटण दाबायचं. डोक्याला मार लागला की तीच परीक्षा पुन्हा घेतात, आणि गुण घसरले तर बसवून ठेवतात. याने सुरुवातीलाच मुद्दाम चुकीची उत्तरं दिली होती. मुळात गुण कमी असले की घसरलेले कळत नाहीत.

"आजोबांची ट्रिक!" तो म्हणाला, आणि म्हणायला लागला, "ई, एफ पी, टी ओ झेड..."

हे अक्षरांचं गाणं तुम्हालाही पाठ आहे. आजोबांनी मांडीवर बसवून तुम्हा तिघांना ते शिकवलं. इकडच्या मीना अब्दुल्ला भागातल्या तेलाच्या रिफायनरीत काटे वाचायचं त्यांचं काम होतं आणि दर वर्षी मेडिकल व्हायचं. एका डोळ्याने अंधूक दिसायला लागलं, तेव्हा त्यांनी रांगेत उभं राहून पुढच्यांचं वाचन ऐकलं आणि डोळे तपासायचा तक्ता पाठ केला. मेडिकलमध्ये नापास म्हणजे नोकरी गेली, नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला, आणि अख्खं घर परत. म्हणून दर वर्षी घडाघडा म्हणून दाखवायचे. प्रत्येक सुट्टीत ही गोष्ट व्हायची आणि आपण सगळे हसायचो.

त्या दुपारी आजोबा हसले नाहीत.

"पुढची गोष्ट सांगितली नाही तुला कोणी," ते म्हणाले. "तो काचबिंदू होता. पहिल्याच वर्षी कळला असता तर थेंब घालून डोळा राहिला असता. दोन्ही राहिले असते. म्हातारपणामुळे गेले म्हणून सांगतो मी लोकांना."

दादाने टीव्ही बंद केला. मग तो आजोबांजवळ जमिनीवर बसला. "सांगेन मी डॉक्टरांना," तो म्हणाला. "प्रॉमिस, आजोबा."

तो परत गेल्यावर मी तुमच्या बाबांना फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, एप्रिल जाऊ दे. निवड झाली की सगळ्यात मोठ्या डॉक्टरला दाखवतो."

"तोवर पुन्हा आपटला तर?"

"एप्रिलपर्यंत खेळ नाही. आणि आई, बाबांनी तेव्हा डॉक्टरला सांगितलं असतं तर मी आज इथे असतो का?"

ते खोटं नव्हतं. तुमच्या बाबांची कॉलेजची फी त्या पाठ केलेल्या तक्त्यावरच भरली गेली होती. आजोबा शेजारीच बसले होते, त्यांनी ऐकलं.

डॉक्टरांच्या तपासणीत दादा पास झाला. निवडीच्या शेवटच्या दिवशी, इथे संध्याकाळची मगरिबची अजान होऊन गेल्यावर, त्याचं नाव आलं. तुम्ही ओरडलात, तुमची आई रडली. गलबला कमी झाल्यावर आजोबांनी फोन जवळ मागून घेतला.

"सांगितलंस का रे त्यांना?"

"आजोबा, काळजी करू नका. इकडे सगळं मजेत आहे."

हे वाक्य आमचं आहे. कुवेतहून गावी फोन करताना आम्ही सगळ्यांनी ते हजारदा म्हटलंय. ताप असताना म्हटलंय, पगार थकलेला असताना म्हटलंय. असं पाठ केल्यासारखं मराठी दादा एरवी बोलत नाही.

फोन ठेवल्यावर आजोबांनी मला विचारलं, "तू बघत होतीस ना? नाव घेतलं तेव्हा त्याचे डोळे आधी कुठे गेले?"

मी त्यांना खरं ते सांगितलं. नाव घेतल्यावर तो टीव्हीकडे बघतच राहिला. मग, त्या शेवटच्या सामन्यांतल्यासारखं, त्याने आधी शेजारी तुमच्या बाबांकडे बघितलं, मग आईकडे. सगळे हसताहेत हे बघून मग तो हसला.

आजोबांनी बकलाव्याची बशी माझ्याकडे सरकवली. त्यानंतर ते गाणं त्यांनी म्हटलेलं नाही. धाकट्या, शाळेत ती संगणकाची परीक्षा घेतील तेव्हा जितकं येतं तितकं सगळं खरं लिही.