उलटा तारामासा

ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकावर मी तारामासा उलटा केला. "हे बघा तोंड. डोकं नाही, कणा नाही, मधोमध तोंड आणि भोवती पाच सारखे हात. आणि कातडीवर काटे, म्हणून हा कंटकचर्मी." मुलांनी लिहून घेतलं. आम्ही खेकड्याकडे वळलो.

"सर, तो अजून उलटाच आहे," मागून एक मुलगी म्हणाली.

एका हाताचं टोक वळवून तो खडक चाचपत होता. एकदा नाव सांगून झालं, की आपल्या लेखी जीव संपतोच जणू.

गेल्याच महिन्यात इस्पितळात डॉक्टरांनी शिकाऊ मुलांना बाबांचं पोट उघडं करून दाखवलं आणि ते तसंच उघडं टाकून पुढच्या खाटेकडे गेले. बाबांचा हात चादर चाचपत राहिला. "अहो, माणूस आहेत ते!" मी केवढ्यांदा ओरडलो होतो.

तारामासा सुलटा करायला वाकलो, आणि मुलांसमोर मान वर करवेना.