उभेकाका आणि राहिलेली भिंत

उभेकाकांचं खरं आडनाव वेगळंच होतं. म्युझियममध्ये एकेका चित्रापुढे अर्धा-अर्धा तास उभे राहायचे, म्हणून आमच्या सिंगापूरच्या मराठी कंपूने त्यांचं हे बारसं केलं. साताऱ्याच्या शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. सेरंगूनला लेकीकडे आले होते. काचबिंदूने नजर अधू होत चाललेली, त्यामुळे लेक त्यांना एकटं सोडायला घाबरे. २००६ साली दर शनिवारी त्यांना म्युझियमला न्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बिनलग्नाचा, म्हणजे सर्वांच्या मते रिकामटेकडा.

मी बँकेतला माणूस. पहिल्या दिवशी सगळं प्रदर्शन चाळीस मिनिटांत उरकलं. प्रत्येक चित्राखालची पाटी वाचली, चित्र जागेवर आहे ना एवढं पाहिलं. परत आलो तर काका पहिल्याच चित्रापुढे. "झाली का रे तुझी तपासणी?"

"अरे, प्रदर्शन म्हणजे पंगत," ते समजावायचे. "कुणाशेजारी कुणाला बसवलंय, त्यात मांडणाऱ्याचं डोकं दिसतं. ही चित्रं कुठून कुठून पाहुणी आलीयत. दोन-तीन महिने शेजारी बसणार, मग आपापल्या घरी. तीच माणसं त्याच क्रमाने परत जेवायला बसतात का कधी?" मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात धरणारा सापडणार नाही.

एकदा नीट दिसेना म्हणून त्यांनी चित्राला नाक लावायचंच बाकी ठेवलं. पहारेकरी बाई धावत आल्या, "अंकल, टू निअर लाह!" काका निमूट मागे सरले आणि मला म्हणाले, "आता तू बघ आणि सांग. पाटी वाचलीस तर याद राख."

"दोन बायका आहेत. टोपली आहे."

"बघतायत कुठे?"

"इकडे, चौकटीबाहेर." मीही तिकडे पाहिलं, तर शेजारच्या चित्रात, दुसऱ्याच कुणी काढलेली, किनाऱ्याला लागणारी होडी! "काका, या तिची वाट बघतायत!" मी भर दालनात ओरडलो. बत्तीस वर्षांत मला स्वतःहून दिसलेली ती पहिली गोष्ट असावी. काकांनी खूश होऊन पाठीत धपाटा घातला. "उरलेली भिंत पुढच्या शनिवारी. दिसतंय तोवर बघून घेऊ."

पुढच्या शनिवारी मी जुरोंग ईस्टला नव्या इमारतीतला, गिऱ्हाइकांसाठी सजवून ठेवलेला नमुन्याचा फ्लॅट बघायला गेलो. तिथल्या स्वयंपाकघरात मात्र मी पाऊण तास उभा होतो! त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. "काका, पुढच्या आठवड्यात नक्की!" तोवर प्रदर्शन संपलं, चित्रं उतरली.

शेवटच्या दिवशी काका हट्टाने एकटेच गेले होते, हे लेकीकडून कळलं. मी फोनवर माफी मागितली. "छे रे, मस्त तासभर उभा राहिलो," ते हसले. "रंगबिंग काही कळले नाहीत. भिंत होती, एवढं नक्की." त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

नवं प्रदर्शन लागलं तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना घेऊन गेलो. तोवर त्यांना फक्त उजेड-अंधार कळत होता. मी घसा बसेपर्यंत एकेक चित्र सांगत गेलो, ते "हं, मग?" म्हणत उभे राहिले. निघताना त्यांनी हळूच विचारलं, "त्या आपल्या राहिलेल्या भिंतीवर काय होतं रे? तू तर बघितली होतीस ना, पहिल्या दिवशी?"

बघितली होती. मला एकही चित्र आठवेना.