चुकून चिकटपट्टी लागत नाही

मी त्या बँडचं नाव घेणार नाही. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, घ्यायचीच वेळ आली तर उखाण्यात घेत. मला त्या चार विलायती केसाळांचं नाव उखाण्यातही नको. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि कळलं की ते चिडतील, कारण त्या बँडबद्दल वाकडा शब्द त्यांचे भक्त अजूनही खपवून घेत नाहीत. चिडू देत. त्यांच्यासाठी मी इतक्या रविवारी इतकी कांदाभजी तळली आहेत की बोलायचा हक्क मला आहे.

माझं मत असं, की त्यांचं प्रत्येक गाणं तीन मिनिटांचं असतं आणि वीस मिनिटं चालतं. आधी नुसता वारा सुटतो. मग कुठेतरी दार करकरतं. मग एक जण गिटारची एकच तार ओढून धरतो, आणि तो ती सोडेपर्यंत माझी कणीक मळून होत असे. गाणारा तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. ड्रमवाला ठेक्याच्या मागे राहतो. हे मी ऐकीव सांगत नाही. आईच्या शेजारी बसून मी लहानपणापासून हळदीच्या गाण्यांना टाळी धरली आहे, ठेका कुठे ढिला पडतो ते मला बरोबर कळतं. एकदा मी तसं बोलून दाखवलं, तर भक्तांचा म्होरक्या हसला आणि म्हणाला, वहिनी, तो मुद्दाम मागे राहतो. त्या बँडचं हे एक बरं होतं. त्यांचं काहीही चुकलं तरी ते मुद्दाम असे.

हा म्होरक्या पुण्याचा, तारापूरच्या वीज प्रकल्पात मोठा इंजिनियर. सगळे त्याला गुरू म्हणत. माझा नवरा त्याच्याच विभागात, पण दोन पायऱ्या खाली, आणि म्हणून त्याची भक्ती दुप्पट. बोईसरच्या वसाहतीत आमचं क्वार्टर तळमजल्यावर होतं आणि नवऱ्याने हौसेने मोठा डेक घेतला होता. त्यामुळे रविवारचा दरबार आमच्याच घरी भरायचा. पाच-सहा जण सतरंजीवर बसत, डोळे मिटत आणि माना हलवत. मधेच माझ्या कुकरची शिटी झाली तर नवरा आत येऊन दबक्या आवाजात सांगे, गॅस बंद कर, आता शांत भाग आहे. कित्येक रविवारी आमची डाळ त्या शांत भागापायी कच्ची राहिली.

माझं माहेर घिवलीचं, तिथून प्रकल्प हाकेच्या अंतरावर. नवरा नाशिककडून नोकरीला आला तेव्हा क्वार्टर मिळेपर्यंत आमच्याच शेजारी खोली घेऊन राहायचा आणि आमच्या घरी जेवायचा. आईच्या हातचं कालवण खाऊन खाऊनच तो आमचा जावई झाला. आई मासे विकायची, पण पंचक्रोशीत तिची ओळख होती ती गाण्यामुळे. घिवलीपासून पार डहाणूच्या बाजूपर्यंत लग्न निघालं की हळदीला तिला बोलावणं असायचं. हळद दळताना वेगळं गाणं, मांडवाला वेगळं, नवरीला न्हाऊ घालताना वेगळं. कुठेही लिहिलेलं नव्हतं. नवरीच्या मावशा, आत्या, मामा यांची नावं ती जागच्या जागी गाण्यात गुंफायची आणि ठेका कधी सुटायचा नाही. चार तास गायली तरी आवाज बसायचा नाही.

एकदा ती सुके बोंबील घेऊन आमच्याकडे आली, तर नेमका रविवार. दरबार भरलेला. ती दाराशी पदर सावरून बसली, बराच वेळ ऐकलं आणि मग मला अगदी साधेपणाने विचारलं, "बाय, बाजा तर कवाचा वाजतोय, हे गाना कवा चालू करणार?" सतरंजीवरचे सगळे हसले. गुरूने तर तिला जवळ बोलावून, लहान मुलाला समजवावं तसं, या संगीतात शब्दांना महत्त्व नसतं वगैरे सांगितलं. नवराही हसला. आपल्या साहेबासमोर सासूला हसताना त्याला काही वाटलं नाही, ते मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं. आईला मात्र राग आला नाही. जाताना ती मला म्हणाली की जावयाला गाण्याचं केवढं वेड आहे बघ, एवढा वेळ गप बसून ऐकतो.

त्यानंतर काही महिन्यांनी मी तिची गाणी भरून घ्यायचं ठरवलं. डेक आल्यापासून नवऱ्याचा जुना टू-इन-वन माझ्या स्वयंपाकघरात आला होता. रेडिओ आणि टेप एकत्र, सेलवर चालणारा. तो आणि एक कोरी कॅसेट घेऊन मी घिवलीला गेले. वीज नव्हती. वीज आमच्या घराच्या मागे तयार होत होती, पण त्या दिवशी आमच्या घरात नव्हती. आईने आधी आढेवेढे घेतले, लग्नाशिवाय हळदीची गाणी म्हणू नयेत म्हणाली. मग बसली ती कॅसेटच्या दोन्ही बाजू भरेपर्यंत उठली नाही. शेवटी शेवटी यंत्राचा लाल दिवा मंद झाला. सेल उतरत चालले होते. मी टेप चालूच ठेवला आणि नवे सेल आणायला दुकानात पळाले. परत आले तेव्हा आई एकटीच यंत्रासमोर बसली होती आणि कॅसेट संपली होती. मी नसताना ती त्यात काहीतरी बोलली होती. काय ते विचारलं तर लाजून म्हणाली, घरी जाऊन ऐक.

घरी येऊन ऐकलं. सगळी गाणी छान आली होती, फक्त अगदी शेवटचा तुकडा समजत नव्हता. सेल उतरले की टेप हळू फिरतो, आणि हळू फिरताना भरलेलं मग नीट वेगाने लावलं की चिमणीसारखं चिवचिवतं. म्हटलं, पुढच्या खेपेला तिलाच विचारीन. पुढची खेप आली ती तिला न्यायची. ताप आला आणि चार दिवसांत ती गेली.

बोईसर स्टेशनजवळच्या कॅसेटवाल्याने मला एक शिकवलं होतं. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन लहान प्लास्टिकचे तुकडे असतात. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. मी केसांच्या आकड्याने ते दोन्ही तुकडे मोडले, कॅसेटवर ठळक अक्षरात 'आई' लिहिलं आणि ती साड्यांच्या कपाटात ठेवली. ऐकायचा धीर होत नव्हता. आहे, एवढं पुरे होतं.

वर्षश्राद्धाला मी घिवलीला गेले. नवरा शिफ्ट आहे म्हणून आला नाही. परत आल्यावर पहिल्यांदाच वाटलं, आता ऐकावं. कपाट उघडलं तर कॅसेट नाही. ती डेकजवळ सापडली. 'आई' या शब्दावर निळ्या शाईने गिरवून गिरवून वर त्या बँडचं नाव लिहिलं होतं.

झालं होतं असं, की गुरूच्या कोणा मित्राने परदेशातून त्या बँडच्या दोन नव्या रेकॉर्डी आणल्या होत्या, त्या एकाच दिवसासाठी मिळाल्या, घरात कोरी कॅसेट नव्हती आणि साहेब ताटकळत बसले होते. नवरा म्हणाला, चुकून झालं, मी पाहिलंच नाही कोणती कॅसेट आहे. मी कॅसेट उलटी केली. मागच्या कडेला मी मोडलेल्या तुकड्यांच्या जागी दोन भोकं होती, आणि दोन्ही भोकांवर चिकटपट्टी लावलेली होती. नीट, कात्रीने कापून. भोकं बुजवली की त्यावर पुन्हा भरता येतं, हे त्याला माहीत होतं. मी त्याला एवढंच म्हटलं, "अहो, चुकून चिकटपट्टी लागत नाही." त्याला माफ करावं असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर नंतरही नाही.

पुढच्या रविवारी दरबार भरला. मी आत भजी तळत होते. कॅसेटवरची दुसरी रेकॉर्ड संपली, खट् असा आवाज झाला आणि एक बारीक, भरभर बोलणारा आवाज आला. माझ्या हातातला झारा थांबला. रेकॉर्ड कॅसेटच्या बाजूपेक्षा जराशी लहान निघाली होती आणि शेवटचा तो न कळणारा तुकडा शाबूत राहिला होता. आईची दोन्ही बाजूंची गाणी गेली होती आणि एवढीच चिवचिव उरली होती. मी बाहेर आले तर नवरा डेक बंद करायला उठत होता. त्यालाही आवाज ओळखू आला होता. पण गुरूने त्याचा हात धरला. म्हणाला, "थांब, ऐक. काय भन्नाट शेवट केलाय. बाईचा आवाज उलटा वाजवलाय."

मी तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं आणि भजी वाढली.

त्या रेकॉर्डी परत गेल्या होत्या, त्यामुळे वसाहतीत, तारापूरला, पालघरच्या कॉलेजातल्या पोरांकडे ज्या काही कॅसेटी फिरल्या त्या सगळ्या आमच्या कॅसेटवरून भरलेल्या. सगळ्यांच्या शेवटी माझी आई. भक्त तिच्यावर चर्चा करत. एक म्हणे, ती संन्यासिनी आहे. दुसरा म्हणे, मेलेल्या माणसाचा आवाज म्हणून घेतलाय, आणि ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. गुरूचं मत पडलं की हा संस्कृत मंत्र आहे, बँडला भारताची ओढ आहे. दाराशी बसून गाणं कधी सुरू होणार विचारणाऱ्या कोळणीला हे सगळे हसले होते, आणि आता तिच्यासाठी श्वास रोखून बसत होते.

नवरा मला विनवायचा की साहेबांना सांगू नकोस, माझी नाचक्की होईल. मी होही म्हटलं नाही आणि नाहीही. मी फक्त दर रविवारी तो तुकडा जवळ आला की कढईखालचा गॅस बंद करून दारात जाऊन उभी राहायचे, नवऱ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, जरा आवाज वाढवा. त्याला वाढवावा लागायचा. आवाज येई तेव्हा सगळे डोळे मिटत, त्याचे मात्र उघडे असत, जमिनीकडे लागलेले. त्याने कॅसेट हरवावी तर गुरू ओरडला असता. दरबार दुसरीकडे हलवावा तर कारण सांगावं लागलं असतं. अशी कित्येक वर्षं मी त्याला त्याच्याच सतरंजीवर बसवून ठेवलं. मला त्यात सुख वाटायचं का? हो, वाटायचं.

मग सीडी आल्या. गुरू बढतीवर गेला होता, डोक्यावरचे केसही गेले होते, पण भक्ती तशीच. तो तीच रेकॉर्ड आता सीडीवर घेऊन आमच्याकडे आला, सोबत स्वतःचा प्लेयर. सगळ्यांनी ऐकलं. शेवट झाला आणि पुढे काही नाही. गुरू अस्वस्थ झाला. पुन्हा लावलं, तरी बाई येईना. कंपनीने शेवट कापला म्हणून तो भडकला, तिथल्या तिथे कंपनीला पत्र लिहायच्या गोष्टी करू लागला आणि म्हणाला, जुनी कॅसेट काढ, आत्ताच्या आत्ता ताडून बघू. नवरा लगेच म्हणाला, डेकचा पट्टा तुटलाय. ते खरंच होतं. मी म्हटलं, माझ्याकडे टू-इन-वन आहे की.

त्यातले सेल कधीच उतरलेले होते. उन्हात ठेवून ठेवून मी त्यावर कसाबसा रेडिओ चालवत होते. कॅसेट लावली तर बँड रडायला लागला. ड्रम ओढत ओढत येत होता, गाणाऱ्याला जणू जुलाब झाले होते. गुरूने कानांवर हात ठेवले आणि सेल बदलायला सांगितलं. नवे सेल फळीवर डब्यामागे होते. मी म्हटलं, घरात एकही सेल नाही. माझ्या आयुष्यात तो बँड मी पहिल्यांदाच आवडीने ऐकत होते आणि मला ते लवकर संपवायचं नव्हतं.

ते रडगाणं संपलं, खट् झालं, आणि माझी आई बोलली. चिवचिव नाही. उतरलेल्या सेलांवर भरलेलं होतं, ते उतरलेल्या सेलांवर सरळ झालं होतं. तिचाच भरडा, सावकाश आवाज, मासळीबाजारात असायचा तसा. खोलीतल्या प्रत्येकाला शब्दन्‌शब्द कळला.

"बाय, ह्ये जावयांना आयकव हां. त्यांना गान्याची लय आवड हाय. आमचा गाना कोन एवढा गप बसून आयकतो."

गुरू एकदा यंत्राकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता. शेवटी त्याने विचारलं, "वहिनी, हे जावई कोण?"

"हे काय, बसलेत ना," मी म्हटलं.

नवरा उठून मोरीत गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. त्यानंतर आमच्याकडे दरबार भरला नाही. तो रडला असेल तर ते माझ्यासमोर नाही, आणि मीही विचारलं नाही.

सगळे गेल्यावर मी कॅसेट काढली आणि भोकांवरच्या त्या दोन चिकटपट्ट्या नखाने खरवडल्या. वर्षांनुवर्षं चिकटून त्या घट्ट बसल्या होत्या, वेळ लागला. आता त्यावर कोणाला काही भरता येत नाही, पुसताही येत नाही. आई सुरक्षित आहे. फक्त तिच्यापर्यंत पोचायला मला दर वेळी त्या मेल्यांचं शेवटचं गाणं अख्खं ऐकावं लागतं, कारण टेप पुढे पळवायला घाबरते, तो जुना झाला आहे, तुटेल.