दादांची मोटारसायकल आणि गिरणीतल्या गाड्या

दहिवलीहून आम्ही निघालो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि माझे मोठे दीर, दादा, माझ्याशी बोलत नव्हते. त्यात नवीन काही नव्हतं. आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि सातही वर्षं ते माझ्याशी बोलले नव्हते. ह्यांच्यासाठी दादांनी नेरळकडची एक मुलगी पाहून ठेवली होती, तिच्या वडिलांना शब्द दिला होता. आणि ह्यांनी साताऱ्यात, आपल्याच शाळेतल्या गणिताच्या बाईंशी, म्हणजे माझ्याशी, नोंदणी पद्धतीनं लग्न उरकलं आणि घरी नुसतं एक कार्ड टाकलं. दादांचा शब्द खाली पडला. राग यायचाच, तो मी कधी नाकारला नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी दादांचं पत्र आलं. "सुट्टीत या. दोघं या." एवढंच. त्यातला 'दोघं' मी चार वेळा वाचला. तरी दहिवलीला पोचल्यावर तीन दिवस दादा माझ्याशी बोलायचे ते ह्यांच्यामार्फत. मी हातभर अंतरावर उभी असताना ह्यांना म्हणायचे, "त्यांना सांग, पाणी तापलंय." मीही ह्यांनाच सांगायची, "दादांना म्हणावं, आलेच." आमच्या ह्यांचं पोस्ट ऑफिस झालं होतं.

दादा भिवपुरीच्या वीजघरातून निवृत्त झालेले. यंत्राच्या माणसाला असतं तसं त्यांचं एका गोष्टीवर प्रेम होतं, ती म्हणजे त्यांची जुनी विलायती मोटारसायकल. रोज सकाळी ती फडक्यानं पुसून निघायची, आणि तिला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. त्या सकाळी दादांनी तिची चावी ह्यांच्या हातावर ठेवली.

"वशा, खालापूरच्या अलीकडं एकानं जुन्या मोटारी जमवल्या हायत. बघण्यासारख्या हायत. त्यांना दाखवून आण." वर म्हणाले, "गाडी जशी नेतोस तशी आणायची."

आत जाऊबाईंनी माझा दंड धरला. "अगं, ती चावी दुसऱ्याच्या हातात गेलेली मी आज पहिल्यांदा बघतेय. नीट आणा गं बाई." मला कळायचं ते कळलं. बोलणं जमत नव्हतं म्हणून दादांनी गाडी दिली होती. ती धड परत आली तर सात वर्षांची गाठ सैल होईल, आणि तिला काही झालं तर आम्ही आपली पिशवी उचलावी आणि साताऱ्याची एसटी धरावी.

पळसदरीच्या रस्त्याला लागलो. भातं कापून झाली होती, शेतांत उडव्या (कापलेल्या भाऱ्यांचे रचलेले ढीग) उभ्या होत्या आणि खळ्यांवर झोडणी चालली होती. डाव्या हाताला घाटाचा डोंगर सरळ भिंतीसारखा चढत गेलेला. इतका सुंदर मुलूख, पण आमच्या ह्यांचे डोळे समोरच्या खड्ड्यांवरून हलतील तर शपथ. आम्ही इतके हळू जात होतो की डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई बराच वेळ आमच्या बरोबरीनं चालली आणि मला म्हणाली, "बंद पडली काय गं?" खोपोलीत मिसळ खाल्ली. ह्यांनी ती उभ्यानंच खाल्ली, एक हात गाडीवर ठेवून.

संग्रहालय म्हणजे बंद पडलेली भाताची गिरणी निघाली. पत्र्याचं लांबलचक छप्पर, दारात चिंच, आणि फाटकावर पांढऱ्या मिशांचे एक राखणदार. त्यांनी आधी मोटारसायकलकडे पाहिलं, मग आम्हा दोघांकडे, आणि काही न विचारता उठून उभे राहिले.

"चावी गाडीलाच राहू द्या, सायेब. मी लावतो सावलीत. तुमी आत चला, पानी घ्या."

पाण्याबरोबर गुळाचा खडा आला. गिरणीचे मालक स्वतः बाहेर आले, सत्तरीचे, धोतरावर कोट घातलेले. त्यांनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका. इथं सगळं नीट होतं," ते म्हणाले. मला वाटलं, ह्यांचा घामेजलेला चेहरा पाहून धीर देताहेत. मग एक जाड वही पुढे केली. "दोन शब्द लिहा. जमेल तेवढंच." ह्यांनी झोकात लिहिलं, "येथे येऊन फार आनंद झाला. मनावरचे ओझे उतरले." मालकांनी ते दोनदा वाचलं.

"असं लिहिणारे तुम्ही पहिलेच," ते म्हणाले. ह्यांना ती तारीफ वाटली.

गाड्या दाखवायला हिराबाई आल्या. डोंगरपायथ्याच्या ठाकरवाडीतल्या, पन्नाशीच्या, हातात चिंचेचा कोळ लागलेला. जिथं पूर्वी भाताची पोती रचत तिथं आता मोटारी उभ्या होत्या, चाकांखाली लाकडी ठोकळे घातलेल्या. एकीची चाकं बैलगाडीसारखी लाकडी आऱ्यांची होती. एकीला इतके मोठे पितळी दिवे की त्यात माझं तोंड दिसलं. एका मोटारसायकलला बाजूला पाळणा जोडलेला, त्यात बसून कोणी मडमीण फिरली असेल असं मनात आलं. पुष्कळशा गाड्या बोरघाट चढेनात म्हणून पायथ्याशी सोडून दिलेल्या होत्या. मालकांच्या वडिलांनी त्या एकेक करून गिरणीच्या आवारात ओढून आणल्या. "न्यायला येऊ म्हनून गेली मानसं," हिराबाई म्हणाल्या, "आलं नाय कोनी."

त्यांची कामाची रीत मला फार आवडली. पितळ चिंचेनं आणि तुसाच्या (भाताच्या सालाच्या) राखेनं घासायचं, लाकूड करंजेलानं पुसायचं, आणि तेलकट नट-बोल्ट सुपातल्या तुसात घोळवून कोरडे करायचे. "आमच्या घरात भांडी पाच," त्या म्हणाल्या, "हितं दिवे घासते साठ." मी हसले. सकाळपासून पहिल्यांदाच मोकळी हसले असेन.

तासाभरानं बाहेर आलो. चिंचेखाली गाडी नव्हती. जमिनीवर तेलाचा एक ठिपका होता.

हे चिंचेला वळसा घालून आले. माझ्या डोळ्यांपुढे दादांचा हात आला, चावी ठेवणारा. राखणदार मात्र शांतपणे म्हणाले, "बगायची का? बगा. पन तरास करून घेऊ नका." आणि त्यांनी आम्हाला मागच्या पडवीत नेलं.

दादांची मोटारसायकल ठोकळ्यांवर चढवलेली होती. चाकं काढून भिंतीला टेकवली होती. टाकीचं झाकण उघडं, आत पेट्रोलचा थेंब नाही. दिव्याला कुंकू, हँडलला झेंडूची माळ, समोर फोडलेला नारळ. एक मिस्त्री हात पुसत उभे होते. "बगा, कशी शोभतेय," ते म्हणाले. आमचे हे तुसाच्या ढिगावर बसले ते बसलेच.

उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. पेणकडच्या एका डॉक्टरांच्या निधनानंतर त्यांची मोटारसायकल संग्रहालयाला यायची होती. मुलगी-जावई घेऊन येणार असा निरोप होता, तोही त्याच दिवशीचा. जुनी गाडी, निगा राखलेली, आणि वर नवरा-बायको. राखणदारांनी विचारलं का नाही, ते हिराबाईंनी सांगितलं.

"गाडी देनारं मानूस लई हळवं होतं, बाई. एक म्हातारा मोटारीच्या दिव्याला मिठी मारून रडला. तवापासनं मालकांनी सांगितलंय, कुनाला काय इचारायचं नाय. पानी द्यायचं, आत फिरवायचं, आन तवर गाडी मागल्या दारानं घ्यायची. डोळ्यांदेखत नको."

म्हणजे ते पाणी, तो गूळ, पाठीवरचा तो हात, सगळं आमच्या दुःखासाठी होतं. आणि ती देणगीची वही होती. मालकांनी दोन्ही कान धरले. "तरी मी म्हटलं, पोटच्या लेकीसारखी सांभाळलेली गाडी देताना ह्यांना आनंद कसा होतोय."

रागवावं कुणावर? इतक्या चांगुलपणानं कुणी आमचा घात केला नव्हता. मी ह्यांना म्हटलं, "अहो, उठा. जशी होती तशी करून घेऊ." पण हे काही ढिगावरून उठेनात. शेवटी मी पदर खोचला आणि मिस्त्रींच्या समोर बसले. ते मागतील तो नट द्यायचा, कुठला कुठे बसतो ते बघायचं. गणिताच्या माणसाला क्रम लक्षात ठेवायची खोडच असते. मागचं चाक बसलं. पुढच्या चाकाचा आस पुसला, ग्रीस लावलं, घातला, आणि मिस्त्री थांबले.

"वायसर दोन व्हते. हा येकच हाय."

सुपातल्या तुसात चाचपलं, नाही. शेजारच्या ढिगात हात घातला, नाही. वॉशर केवढा असतो, आणि ढीग माझ्या कमरेएवढा. "एक वॉशर नसला तर नाही का चालणार?" ह्यांनी बसल्या जागेवरून विचारलं. मिस्त्रींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मला रडू यायचं बाकी होतं.

हिराबाईंनी मला बाजूला सारलं. सूप भरून घेतलं, वाऱ्याकडे पाठ केली आणि पाखडायला लागल्या. एक सूप, दुसरं, सातवं. तूस उडून माझ्या केसांत, ह्यांच्या चष्म्यावर. आठव्या सुपात टिणकन आवाज झाला. "घ्या तुमचा दाना," हिराबाई म्हणाल्या. मी त्यांचे चिंचेचे हात तसेच धरले आणि सोडेना.

पेट्रोल मालकांच्या जीपमध्ये ओतलं होतं. तुसाच्या शेजारी पेट्रोल ठेवायचं नाही हा तिथला नियम. जीप खालापूरला कचेरीत गेली होती. ती आल्यावर रबरी नळीनं ते परत काढलं. तोवर मालकांनी आम्हाला पिठलं-भात जेवू घातलं. नव्या तांदळाचा मऊ भात, वर लसणीची चटणी. भीती सरल्यावरची भूक काय असते ते त्या दिवशी कळलं.

निघताना हिराबाई आडव्या आल्या. "नारळ फुटलाय गाडीम्होरं. आता ती हितली. तशी कशी नेता?" मिस्त्री हसले, मालक डोकं खाजवायला लागले. मग हिराबाईंनीच तोड काढली. "लेक म्हायेरी येऊन गेली म्हनायचं." त्यांनी दिव्याला पुन्हा कुंकू लावलं, आणि गाडीला पदर नाही म्हणून माझ्या पदरात मूठभर तांदूळ आणि नारळाची वाटी घातली. एका दणक्यात गाडी सुरू झाली.

फाटकातून बाहेर पडत होतो तोच समोरून एक जोडपं जुन्या मोटारसायकलवर आलं. मागे बसलेल्या मुलीचे डोळे लाल होते. राखणदार उठले, क्षणभर घुटमळले, आणि आमच्याकडे एकदा बघून त्यांनी हळूच विचारलं, "द्यायाला आलात, का बगायला?" त्या मुलीकडे मला फार वेळ बघवलं नाही. आमची गाडी आमच्याखाली होती, एवढ्यानंच मला गलबलून आलं.

वाटेत ओढ्यावर थांबून ह्यांनी कुंकू धुतलं. "काही सांगायचं नाही हं," मला बजावलं. पण दहिवलीला अंगणात गाडी लागली आणि दादांनी दिव्याच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट लाल झालं.

"दादा, त्याचं असं झालं..." हे म्हणाले आणि तिथंच अडकले. मग मी जाऊबाईंकडे तोंड करून, अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. दादा आमच्याकडे पाठ करून पुढच्या चाकाशी उकिडवे बसले होते. माझं संपल्यावर त्यांनी चाकाचा नट बोटांनी चाचपून पाहिला.

"वशा, त्यांना विचार, चाकं कुणी बसवली."

"मिस्त्रींनी. नट मी देत होते, म्हणावं," मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी दादांना सांगितलं.

"त्यांना विचार, आस पुसून घातला का तसाच."

"पुसून, मग ग्रीस लावून," मी म्हटलं.

"ग्रीस लावून पुसला," हे म्हणाले.

दादांनी मान वर केली. "लावून पुसला? मग ऱ्हायलं काय?"

"तसंच काहीतरी म्हणाली."

दादा गुडघ्यावर हात टेकून उठले. ह्यांच्या खांद्यावरून त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं.

"सुमन, ह्याला बाजूला सार गं. तू सांग. वॉशर किती घातले?"

दारात जाऊबाईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. प्रश्न गणिताचा होता.

"दोन. एक आतून, एक बाहेरून. बाहेरचा मोठा."

"बरोबर हाय," दादा म्हणाले. "आता तेल कुठलं घातलं ते सांग."

त्यानंतर आम्ही पुष्कळ हिंडलो, लांबलांबच्या गावांना गेलो. पण घरापासून दोन तासांवर जाऊन परत येताना जेवढी हलकी होऊन आले तेवढी पुन्हा कुठून आले नाही. पदरातले तांदूळ मी जाऊबाईंच्या ताटात रिकामे केले, दादांच्या शेजारी चाकाशी बसले, आणि पहिल्या नटापासून सांगायला लागले.