संपली म्हणून सांगितलेली बाटली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

आमचं गाव अहमदपूरकडचं. लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा आम्हाला वाटलं, आता सगळं जवळ येईल. आलं काय? जनावरांच्या दवाखान्यात औषध मागायला गेलं की ऐकायला मिळायचं, अजून वाटणी व्हायची आहे. जुन्या जिल्ह्याकडून नव्याकडे कपाटं यायची होती, खुर्च्या यायच्या होत्या, औषधंही यायची होती. डॉक्टर कधी असायचे, कधी बैठकीला गेलेले. कायम असायचा तो महादू, तिथला मलमपट्टी करणारा ड्रेसर. तो आमच्याच गावात राहायचा. सुईसाठी शीर धरायला त्याचा हात चांगला होता, पण हातात द्यायला औषध कुठं होतं?

त्यातच दुष्काळ पडला. कडब्याच्या पेंढीला हात लावायची सोय राहिली नाही. माझ्याकडे एक संकरित गाय आणि दोन म्हशी. रोज सकाळी एकच प्रश्न — दुधाचा पैसा सरकीच्या पेंडीला घालायचा, की औषधाला राखून ठेवायचा? खासगी डॉक्टर अहमदपूरहून फटफटीवर यायचे. त्यांची फी, पेट्रोल आणि वर औषध. एकदा येऊन गेले की आठवड्याचं दूध फुकट गेलं म्हणायचं.

यावर तोड काढली ती गयानं.

गया बौद्धवाड्यातली. तिची एकच म्हैस होती, रेडीपासून हातानं वाढवलेली. माझ्यापेक्षा ती वयानं मोठी, पण मी तिला ‘अगं गया’ म्हणायची आणि ती मला ‘वैनी’. त्यात काही खटकायचं नाही तेव्हा. निदान मला तरी नाही. एके सकाळी दूध घालायला आम्ही बाया उभ्या होतो, तेव्हा ती म्हणाली, “लिटरमागं धा पैसे बाजूला टाकू. औषधं आधीच आणून ठेवू. ज्याचं जनावर पडंल त्याला कामी येतील.” सगळ्यांना पटलं. औषधांची पेटी कुणाकडे ठेवायची, हा प्रश्न आला तेव्हा तिनंच माझं नाव घेतलं. “वैनीच्या घरी कुलपाचं कपाट हाय. आन् वैनी लिहिती-वाचती हाय.”

मी ती पेटी सांभाळली, आणि चांगली सांभाळली, हेही सांगते. जंताचं औषध, सडात सोडायच्या ट्यूबा, पोटफुगीचं तेल. आणि कॅल्शियमची काचेची बाटली, सगळ्यांत महाग. व्यालेलं जनावर कधी कधी बसतं, अंगातलं कॅल्शियम एकदम उतरतं. कान गार पडतात, मान पोटाकडे वळते. बाटली शिरेतून गेली तर बघता बघता उठून उभं राहतं. नाही गेली तर नाही उठत. माझी गाय मागच्या वेताला अशीच बसली होती, पेटीतल्या बाटलीनं उठली. गयाची म्हैसही एकदा उठली होती. त्यानंतर मी दोन बाटल्या आणल्या. एक पाटलांच्या म्हशीला गेली. एक उरली.

बघा, मी अजून पेटीतच घोटाळते आहे.

त्या दिवशी आमचे हे लातूरला गेले होते. ऊन चढलेलं. माझी गाय दिवसांवर आलेली — कास उतरली होती, आज की उद्या अशी गत. मी तिच्याकडेच बघत बसले होते आणि गया पळत आली. पायात चप्पल नव्हती. पदर मातीत घासत होता.

“वैनी, म्हैस येली आन् बसली. मान टाकली बघा तिनं. महादूभाऊ सुई घिऊन बसलाय. बाटली द्या.”

कपाट माझ्या मागं होतं. किल्ली कमरेला. बाटली आत, वरच्या फळीवर, कागदात गुंडाळलेली. मला उठायचं तेवढं होतं.

मी गायीकडे पाहिलं. हिला लागली तर? गावात दुसरी नाही. एसटीनं जाऊन आणायची तर दिवस मोडतो. आणि डॉक्टर येतील की त्यांच्याकडे, संध्याकाळपर्यंत म्हैस तगेल की — हे सगळं मी उठता उठता मनात बोलले. खरं म्हणजे मी उठलेच नाही.

“बाटली संपली, गया,” मी म्हणाले.

एवढ्यावर थांबले असते तरी... नाही, तरीही ते तेच असतं. पण मी थांबले नाही. तिच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून पुढचंही बोलले. “मागं तुझ्याच म्हशीला नाही का लावली? तीच शेवटची.”

ती क्षणभर उभी राहिली. आठवत असेल. पेटीत पुढं किती आलं, किती गेलं, हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं कधी विचारलंच नव्हतं, माझ्यावर सोडलं होतं. मग ती म्हणाली, “हाव की. माझ्याच म्हशीनं खाल्ली म्हणायची. तुमाला उगं तरास दिला, वैनी.” आणि वळून पळाली.

तिला हाक मारायला वेळ होता. ती वेशीपर्यंत मला दिसत होती.

तिचा नवरा संभाजी सायकलवर अहमदपूरला गेला. तो टॉवेलात गुंडाळून बाटली घेऊन आला, तोवर म्हैस गेली होती. मी गेले होते बघायला. न जाऊन कसं चाललं असतं? महादू सुई पुसत होता. म्हणाला, “वैनी, धा मिनिटाचं काम होतं.” त्यानं माझ्याकडे पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. मी खाली बघत होते. गया म्हशीच्या मानेवर हात ठेवून बसली होती, रडत नव्हती. बाया म्हणत होत्या, नशीब. मीही म्हणाले. माझ्या तोंडातून तो शब्द निघाला, हे मी स्वतः ऐकलं आहे.

सांजेला दिवा लावायच्या आत ती आमच्या दारात आली. हातात तीच नवी बाटली.

“आता मला काय करायची ही? पेटीत ठिवा. तुमची गाय तर आजउद्याच व्यायची हाय.”

मी बाटली घेतली. उंबऱ्यात उभी राहून, दोन्ही हातांनी घेतली.

गाय तिसऱ्या दिवशी व्याली आणि बसली. महादूनं गयाची बाटली लावली. गाय थरथरली, शेण टाकलं, उभी राहिली. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. आणि ती दुसरी बाटली? संपली म्हणून सांगितलेली बाटली मी काढणार कशी? दुपारी सगळे झोपले होते तेव्हा ती उकिरड्यावर नेऊन उपडी केली. भडभड वाजली ती. मग काच दगडानं फोडून शेणाखाली दाबली. एका बाईची म्हैस मारून राखलेलं औषध मी उकिरड्याला पाजलं.

एक गोष्ट अजून राहिली, आणि हीच जास्त जड आहे. पाटलीणबाई पळत आल्या असत्या तर मी ‘संपली’ म्हणाले असते का? पाटलांच्या म्हशीला बाटली गेली तेव्हाही माझी गाय गाभण होती. तेव्हा मी दोन पावलांत कपाट उघडलं होतं. तेव्हा मला कुठं आठवली माझी गाय? म्हणजे भीती गायीची होती, हे पूर्ण खरं नाही. कुणाला नाही म्हटलं तर चालतं, हे मला ठाऊक होतं.

गयानं पुन्हा म्हैस घेतली नाही. रोजगार हमीच्या कामावर जायची, खडी फोडायची. पेटीतला तिचा वाटा तिनं मागितला नाही आणि मी दिला नाही. रस्त्यात भेटली की विचारायची, “गाय बरी हाय का, वैनी?” तिची मुलगी शिकली, नांदेडला शिक्षिका झाली, आईला घेऊन गेली. त्यानंतर आमची भेट क्वचितच. दर भेटीला वाटायचं, आज. दर वेळी काहीतरी निघायचं — तिच्यासोबत नात असायची, एसटी लागलेली असायची. न सांगायला कारणं कमी पडत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात गया गेली. पुण्यानुमोदनाचा निरोप आला, मी नांदेडला गेले. बुद्धवंदना झाली, मग एकेक जण उठून तिच्याविषयी बोलत होता. मुलीनं माझं नाव घेतलं. “आईच्या जुन्या मैत्रीण गावाहून आल्या आहेत. त्यांनी दोन शब्द बोलावेत.”

मैत्रीण. गयानं घरी माझं असं सांगितलं होतं.

मी उठले, ते सांगायचं ठरवूनच उठले, हे खरं आहे. तोंड उघडलं. आणि सांगितलं की दुष्काळात हिची म्हैस औषधावाचून मेली, आणि त्याच सांजेला ही बाई स्वतःच्या पैशाची बाटली माझ्या गायीसाठी घेऊन आली. अशी होती गया. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. बायांनी डोळ्याला पदर लावले. मागून कुणीतरी म्हणालं, “असं माणूस न्हाई आता.”

मुलीनं मला मिठी मारली. म्हणाली, “हे आईनं आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. बरं झालं तुम्ही सांगितलंत, मावशी.”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. जेवून निघाले.